डिस्क नसलेला संगणक आणि न लागणारं कुलूप

तालुक्याच्या गावातली वीस संगणकांची एक लॅब मी काही वर्षं सांभाळत होतो. यंत्रं जुनी होती आणि त्यांच्या हार्ड डिस्क एकामागून एक जात होत्या. शेवटी आम्ही सगळ्या डिस्क काढून टाकल्या, एका बऱ्यापैकी सर्व्हरवर लिनक्स बसवलं आणि वीसही यंत्रं नेटवर्कवरून बूट करायला लागलो. पहिले तीन दिवस फार छान गेले. चौथ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, "सर, फायरफॉक्स उघडतच नाही." माऊस हलत होता, टर्मिनल उघडत होतं, होम फोल्डरमधल्या फाईली वाचता येत होत्या. फक्त फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस अडून बसले होते. टर्मिनलवर तपासत बसलो तेव्हा एक ओळ हाती लागली: 'नो लॉक्स अव्हेलेबल'. कुलपं उपलब्ध नाहीत.

त्या ओळीचा अर्थ समजायला मला बरेच दिवस लागले. मधल्या काळात मी एक चूक केली, आणि त्यात मुलांची हजेरी गेली. तीच चूक दुसऱ्या कोणाकडून होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

कुलूप म्हणजे नेमकं काय

फाईलला 'लॉक' लावला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दाराचं कुलूप येतं. लिनक्समधला नेहमीचा फाईल लॉक तसा नसतो. कालव्याच्या पाण्यावर शेती असलेल्या गावात शेजपाळी असते, तिच्याशी त्याचं जास्त जमतं. कोणाच्या शेताला पाणी आधी, कोणाच्या नंतर, हे ठरलेलं असतं आणि पाटकरी त्यावर लक्ष ठेवतो. दुसऱ्याची पाळी चालू असताना रात्री जाऊन कोणी दारं फोडलंच, तर पाणी स्वतः त्याला अडवत नाही. सगळ्यांनी पाळी मानायची, एवढ्यावरच ती व्यवस्था चालते.

फाईल लॉकचंही तसंच. प्रोग्राम कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, म्हणतो, "ही फाईल मी लिहितो आहे, माझी पाळी लाव." दुसरा प्रोग्राम लिहायच्या आधी तीच विचारणा करतो, पाळी चालू आहे असं कळलं की थांबतो. ज्याने विचारलंच नाही त्याला कोणी अडवत नाही. एकाच यंत्रावर हे सोपं असतं, कारण पाटकरी एकच: त्या यंत्राचा कर्नल. फाईल सर्व्हरवर आणि प्रोग्राम वीस वेगवेगळ्या यंत्रांवर असले की प्रश्न उभा राहतो. पाळीची वही आता कोणाकडे?

या जागी बहुतेक ठिकाणी एनएफएस, म्हणजे सर्व्हरवरच्या फाईली नेटवर्कवरून वापरू देणारी 'नेटवर्क फाईल सिस्टम', असतं. सन मायक्रोसिस्टिम्सने ते १९८४ मध्ये आणलं. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये आणि तिसरी १९९५ मध्ये जाहीर दस्तऐवज म्हणून प्रसिद्ध झाली. या दोन्ही आवृत्त्यांचा मूळ विचार असा की सर्व्हरने काहीही लक्षात ठेवायचं नाही. क्लायंट, म्हणजे फाईल मागणारं यंत्र, म्हणतो "या फाईलचा हा तुकडा दे", सर्व्हर देतो आणि विसरतो. त्यामुळे सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला तरी क्लायंटचं काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. फार सुंदर कल्पना आहे ही. पण लॉक म्हणजेच लक्षात ठेवणं, आणि विसरणाऱ्या सर्व्हरकडे पाळीची वही देता येत नाही.

म्हणून लॉकसाठी बाजूला वेगळी यंत्रणा उभी राहिली. लॉकडी हा पाटकरी: कोणाला कोणत्या फाईलची पाळी दिली ते बघतो. स्टॅटडी हा वहीवाला: कोणाकोणाशी आपला पाळीचा व्यवहार आहे त्यांची नावं तो डिस्कवर, '/व्हार/लिब/एनएफएस' मध्ये, लिहून ठेवतो. यंत्र बंद पडून पुन्हा उठलं की या यादीतल्या प्रत्येकाला निरोप जातो, "मी पुन्हा सुरू झालो आहे." निरोप क्लायंटकडून आला तर सर्व्हर त्याच्या जुन्या पाळ्या मोडतो. सर्व्हरकडून आला तर क्लायंट आपल्या पाळ्या नव्याने नोंदवतात. तिसरा आरपीसीबाइंड, १११ क्रमांकाच्या पोर्टवर बसलेला. लॉकडी आणि स्टॅटडी आज कोणत्या पोर्टवर आहेत हे तो विचारणाऱ्याला सांगतो. फाईलींचा व्यवहार मात्र २०४९ या ठरलेल्या पोर्टवरून वेगळाच चालतो.

आमच्या लॅबमध्ये फाईली वाचता येत होत्या आणि लॉक लागत नव्हते, त्याचं कारण इथेच होतं. दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. एक रस्ता मोकळा आणि दुसरा बंद असू शकतो.

बूट होताना पाटकरी झोपलेला असतो

डिस्क नसलेलं यंत्र चालू होतं तेव्हा आधी नेटवर्क कार्डावरचा पीएक्सई प्रोग्राम जागा होतो. तो डीएचसीपीकडून, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, पत्ता घेतो, टीएफटीपी या फाईल आणायच्या साध्या पद्धतीने बूटलोडर (कर्नल सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम), कर्नल आणि सुरुवातीची छोटी फाईल सिस्टम आणतो. कर्नल सुरू झाला की तो सर्व्हरवरची मूळ फाईल सिस्टम एनएफएसने जोडतो, म्हणजे माउंट करतो. त्यानंतरच त्या मूळ फाईल सिस्टमवरचे प्रोग्राम एकेक करून सुरू होतात, आणि आरपीसीबाइंड व स्टॅटडी हे त्यांतलेच दोन.

गाठ इथे पडते. लॉकसह माउंट करायचं तर स्टॅटडी आधी चालू हवा. स्टॅटडी चालू करायचा तर त्याची फाईल वाचायला मूळ फाईल सिस्टम आधी माउंट हवी. शिवाय त्याची वही ज्या '/व्हार' मध्ये आहे, ती जागाही सर्व्हरवरच.

कर्नल लिहिणाऱ्यांनी ही गाठ सरळ कापली आहे. कर्नल स्वतः एनएफएसवरून मूळ फाईल सिस्टम माउंट करतो तेव्हा 'नोलॉक' हा पर्याय तो आपणहून लावतो, तुम्ही लिहा अथवा नका लिहू. डेबियन या लिनक्स वितरणाची सुरुवातीची बूट स्क्रिप्टही माउंट करताना हाच पर्याय देते. एनएफएसच्या माहितीपानात तर स्पष्ट लिहिलं आहे की '/व्हार' एनएफएसवर असेल तर 'नोलॉक' लावावाच लागतो.

'नोलॉक' या नावाने बरीच दिशाभूल होते. याने लॉक बंद होत नाहीत. लॉक फक्त त्या यंत्रापुरते राहतात. प्रोग्राम पाळी मागतो, यंत्राचा कर्नल ती देतो आणि सर्व्हरला काहीच कळवत नाही. त्याच यंत्रावरचा दुसरा प्रोग्राम पाळी मानतो. शेजारच्या यंत्रावरच्या प्रोग्रामला मात्र तीच फाईल मोकळी दिसते, आणि तोही आपली पाळी लावून बसतो.

माझ्या मते मूळ फाईल सिस्टमसाठी हा पर्याय अगदी योग्य आहे, आणि तो लावल्याबद्दल कोणी अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही. रास्पबेरी पायसारख्या छोट्या यंत्राला सर्व्हरवर स्वतःची वेगळी मूळ फाईल सिस्टम दिलेली असते. तिच्यात दुसरं कोणी लिहीतच नाही, मग लॉक इतरांना दिसायची गरज काय? फक्त एक सावधगिरी हवी. सर्व्हरवर बसून त्याच फोल्डरमध्ये क्रूटने (त्या फोल्डरलाच मूळ मानायला लावणाऱ्या आदेशाने) शिरून पॅकेज अपडेट करत असाल आणि त्याच वेळी ते यंत्र चालू राहून स्वतः अपडेट करत असेल, तर दोघांनाही डीपीकेजीचा, म्हणजे पॅकेज बसवणाऱ्या प्रोग्रामचा, लॉक मिळेल आणि दोघंही एकाच वेळी पॅकेजांची नोंद लिहायला लागतील. यंत्र बंद करूनच सर्व्हरवरून अपडेट करा.

माझी चूक

आमच्याकडे '/होम' वेगळं माउंट होत होतं, तिसऱ्या आवृत्तीने आणि लॉकसह. काही यंत्रांवर स्टॅटडी सुरू होऊन लगेच बंद पडत होता, कारण त्याच्या वहीची जागा केवळ वाचण्यापुरती माउंट झाली होती आणि त्याला तिथे लिहिता येत नव्हतं. माउंटच्या वेळी स्टॅटडी नसेल तर माउंट करणारा प्रोग्राम बजावतो की दूरचे लॉक हवे असतील तर स्टॅटडी चालू करा, नाहीतर 'नोलॉक' लावून लॉक आपल्यापुरते ठेवा. तो नंतर बंद पडला तर माउंट तसंच राहतं आणि लॉक मागितल्यावर ३७ क्रमांकाची त्रुटी येते. तीच आमची 'नो लॉक्स अव्हेलेबल'. कर्नलच्या नोंदीतही 'लॉकडी: कॅनॉट मॉनिटर' अशी ओळ सापडली.

या सूचनेतला दुसरा उपाय फार सोपा दिसतो. मी '/होम' लाही 'नोलॉक' लावला. फायरफॉक्स उघडला, लिब्रेऑफिस उघडलं, मुलं खूश झाली, मीही झालो.

लॅबची हजेरी आम्ही '/होम' खालच्या एका एसक्यूलाइट फाईलमध्ये, म्हणजे एकाच फाईलमध्ये मावणाऱ्या डेटाबेसमध्ये, ठेवत होतो. दोन शिक्षक दोन यंत्रांवरून एकाच वेळी हजेरी घालायचे. एसक्यूलाइटची सगळी मदार फाईल लॉकवर असते, आणि नेटवर्कवरच्या फाईल सिस्टमबद्दल त्याचे कर्ते स्वतःच सावध करतात. दोन्ही यंत्रांना आपापल्या कर्नलकडून पाळी मिळाली, दोघांनी एकदम लिहिलं. काही आठवड्यांनी एका सकाळी ती फाईल उघडेनाशी झाली, डेटाबेस बिघडल्याचा संदेश आला. बॅकअप जुना होता. मधल्या दिवसांची हजेरी वहीतल्या सह्यांवरून पुन्हा भरावी लागली, आणि ज्यांच्या सह्या राहिल्या होत्या त्यांना आम्ही काहीच उत्तर देऊ शकलो नाही.

लॉकचा बिघाड तीन तऱ्हेने दिसतो. कधी तो लगेच त्रुटी देतो, कधी प्रोग्राम लटकवून ठेवतो, आणि कधी काहीच दिसत नाही, सगळं चालू राहतं. पहिल्या दोन तऱ्हा त्रासदायक असल्या तरी त्या तुम्हाला थांबवतात. तिसरी थांबवत नाही. त्रुटी नाहीशी झाली म्हणून दुरुस्ती झाली असं लॉकच्या बाबतीत धरता येत नाही.

शोध कुठून सुरू करायचा

सगळ्यात आधी हे बघा की तक्रार खरोखर लॉकचीच आहे का. संदेशात 'लॉक' हा शब्द असला म्हणजे दोष लॉकयंत्रणेचा असतोच असं नाही. बरेच प्रोग्राम आधी एक लॉक फाईल तयार करतात. ती तयार करतानाच 'परमिशन डिनाईड' आलं तर सर्व्हरवरचा एक्स्पोर्ट, म्हणजे कोणाला काय वापरू द्यायचं याची नोंद, तपासा: रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याला सर्व्हर परका मानत असेल तर मूळ फाईल सिस्टमवर त्याला लिहिता येत नाही. 'रीड-ओन्ली फाईल सिस्टम' आलं तर जागाच केवळ वाचायची आहे. लिब्रेऑफिस दस्तऐवजाच्या शेजारी एक लपलेली लॉक फाईल ठेवतं, फायरफॉक्सही प्रोफाईलमध्ये आपली खूण ठेवतो. वीज जाऊन यंत्र अचानक बंद पडलं तर या खुणा मागे राहू शकतात. त्या साध्या फाईली आहेत. ते प्रोग्राम कुठल्याच यंत्रावर चालू नाहीत याची खात्री करून पुसल्या की काम होतं. लॉकडीचा त्यांच्याशी संबंध नाही.

यातलं काही नसेल तर क्लायंटवर '/प्रॉक/माउंट्स' वाचा. त्या फाईल सिस्टमच्या ओळीत आवृत्ती कोणती, 'नोलॉक' आहे का, 'लोकल_लॉक' पुढे 'ऑल' आहे की 'नन', हे सगळं लिहिलेलं असतं. 'ऑल' म्हणजे लॉक त्या यंत्राबाहेर जात नाहीत. मी पहिल्या दिवशी ही एक ओळ वाचली असती तर पुढचं टळलं असतं. एक लक्षात ठेवा, चालू माउंटवर 'रीमाउंट' करून हे बदलत नाही. उतरवून पुन्हा माउंट करावं लागतं, आणि मूळ फाईल सिस्टम तर उतरवताच येत नाही. तिथे बूटच्या ओळीतच बदल करायचा.

तिसरी आवृत्ती असेल तर 'आरपीसीइन्फो -पी' आणि पुढे सर्व्हरचा पत्ता, हा आदेश क्लायंटवरून द्या. उत्तराच्या यादीत १०००२१ क्रमांकाचा 'एनलॉकएमजीआर' आणि १०००२४ क्रमांकाचा 'स्टेटस' दिसायला हवेत. फाईलींच्या सेवेचा क्रमांक १००००३ आहे आणि तो दिसला एवढ्याने लॉकची खात्री होत नाही. एनलॉकएमजीआर दिसतो आणि तरी प्रोग्राम लटकतो, कर्नलच्या नोंदीत 'लॉकडी: सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग' येतं, तर बहुधा फायरवॉल आड येते आहे. लॉकडीचा पोर्ट ठरवून दिला नसेल तर तो दर वेळी वेगळा असू शकतो. त्यामुळे काल चाललेली व्यवस्था सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर आज चालत नाही आणि माणूस चक्रावतो. '/ईटीसी/एनएफएस.कॉन्फ' मध्ये लॉकडी आणि स्टॅटडी दोघांचेही पोर्ट कायमचे लिहून टाका आणि तेच फायरवॉलमध्ये उघडा.

क्लायंटची फायरवॉलही विसरू नका. तिसऱ्या आवृत्तीत एखादं यंत्र पाळीसाठी रांगेत असेल तर पाळी आली की सर्व्हर स्वतः त्या यंत्राला हाक मारतो. ही हाक क्लायंटच्या फायरवॉलने अडवली तर क्लायंटला कळतच नाही. तो सुमारे ३० सेकंदांनी आपणहून पुन्हा विचारतो आणि मग काम पुढे सरकतं. प्रोग्राम अर्धा मिनिट गोठतो, मग जणू काही झालंच नाही असा चालू लागतो, अशी तक्रार आली की मी आता आधी क्लायंटची फायरवॉल बघतो.

आणखी एक थांबणं असतं ते बिघाडाचं नसतं. सर्व्हर नव्याने सुरू झाला की काही वेळ तो फक्त जुन्या पाळ्यांची फेरनोंद घेतो, नव्या देत नाही. लिनक्सवर हा अवधी नेहमीच्या मांडणीत ९० सेकंदांचा असतो. आमच्याकडे वीज गेली आणि आली की सर्व्हर आणि वीसही यंत्रं एकदमच उठायची, आणि लॉगिननंतर पहिला दीड मिनिट सगळं जड वाटायचं. मी त्यावर एक अख्खी दुपार घालवली आहे. तुम्ही दीड मिनिट थांबा.

वीज गेल्यावर राहिलेली पाळी

तिसऱ्या आवृत्तीत डिस्क नसलेल्या यंत्रांची एक खास अडचण आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. यंत्र अचानक बंद पडलं तरी त्याने घेतलेले लॉक सर्व्हरकडे तसेच राहतात. ते सुटतात कधी? यंत्र पुन्हा सुरू होऊन "मी पुन्हा सुरू झालो" असा निरोप देतं तेव्हा. निरोप कोणाला द्यायचा ते वहीत लिहिलेलं असतं. पण आपल्या यंत्राला डिस्क नाही. '/व्हार' मेमरीत ठेवलं असेल तर वीज जाताच वहीही गेली. यंत्र उठतं, यादी कोरी असते, निरोप कोणालाच जात नाही. सर्व्हर आपला जुनी पाळी धरून बसतो, आणि ती फाईल कोणालाच उघडता येत नाही.

सर्व्हरवर '/प्रॉक/लॉक्स' मध्ये हे अडकलेले लॉक दिसतात. '/प्रॉक/एफएस/एनएफएसडी/अनलॉक_फाईलसिस्टम' या फाईलमध्ये त्या फाईल सिस्टमचा मार्ग लिहिला की तिच्यावरचे लॉकडीचे सगळे लॉक सुटतात. सगळे म्हणजे ज्यांचं काम खरोखर चालू आहे त्यांचेही, म्हणून लॅब रिकामी असतानाच हे करा. कायमचा उपाय हवा तर दोनच मार्ग आहेत: प्रत्येक यंत्राच्या वहीला सर्व्हरवर स्वतःची वेगळी, टिकाऊ जागा द्या, नाहीतर तिसरी आवृत्ती सोडा.

मी सोडली. चौथी आवृत्ती पहिल्यांदा २००० मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात लॉक मूळ व्यवहाराचाच भाग आहे. लॉकडी, स्टॅटडी, आरपीसीबाइंड यांतलं काहीही तिला लागत नाही, एक २०४९ पोर्ट पुरतो. पाळी मुदतीची असते. क्लायंटने ठरावीक वेळात, लिनक्सवर ९० सेकंदांत, "मी आहे" असं कळवत राहायचं. कळवणं थांबलं की पाळीवरचा हक्क जातो. लिनक्सच्या ५.१९ पासूनच्या कर्नलमध्ये सर्व्हर थोडा सौजन्याने वागतो: मुदत संपली तरी दुसऱ्या कोणाला ती फाईल हवी होईपर्यंत जुनी पाळी मोडत नाही. वीज जाणाऱ्या गावासाठी ही मुदतीची पद्धत मला फार मोलाची वाटते. मेलेल्या यंत्राकडून निरोपाची अपेक्षा इथे कोणी धरत नाही.

वीस यंत्रं, एक नाव

'/होम' चौथ्या आवृत्तीने माउंट केलं आणि नवीनच प्रकार सुरू झाला. एकटं यंत्र चालू असलं की सगळं ठीक. दुसरं, तिसरं चालू झालं की पहिल्यावरचे लॉक नाहीसे व्हायचे, फाईली उघडताना त्रुटी यायच्या, कधी सगळीच यंत्रं मंद व्हायची. नेटवर्क केबल बदलल्या, स्विच बदलला. दोष नावात होता.

चौथ्या आवृत्तीत सर्व्हर क्लायंटला एका ओळखीच्या मजकुरावरून ओळखतो, आणि लिनक्सचा क्लायंट तो मजकूर यंत्राच्या नावावरून, म्हणजे होस्टनेमवरून बनवतो. एनएफएसच्या ४.१ या उपआवृत्तीपासून तर मुख्य आधार तोच. डिस्क असलेल्या यंत्रांची नावं वेगवेगळी असतात. आमची वीसही यंत्रं एकच मूळ फाईल सिस्टम वापरत होती, म्हणजे '/ईटीसी/होस्टनेम' ही फाईलही सगळ्यांची एकच! वीसही जण सर्व्हरला एकच नाव सांगत होते. दुसरं यंत्र तेच नाव घेऊन आलं की सर्व्हरला वाटायचं, पहिलंच यंत्र बंद पडून पुन्हा उठलं आहे. मग तो नियमाप्रमाणे त्याच्या जुन्या पाळ्या मोडायचा. सर्व्हर त्याच्या जागी बरोबर होता.

हे ओळखायची एक सोपी खूण आहे. ५.३ पासूनच्या लिनक्स सर्व्हरवर '/प्रॉक/एफएस/एनएफएसडी/क्लायंट्स' हे फोल्डर असतं आणि चौथ्या आवृत्तीच्या प्रत्येक क्लायंटसाठी त्यात एक उपफोल्डर असतं. आतल्या 'इन्फो' फाईलमध्ये त्याचं नाव आणि पत्ता, 'स्टेट्स' मध्ये त्याने उघडलेल्या फाईली आणि लॉक. वीस यंत्रं चालू आहेत आणि तिथे एकच नोंद आहे असं दिसलं, की पुढे काही शोधायला नको. मला एक दिसली होती.

उपाय साधा आहे, फक्त तो '/होम' माउंट होण्याच्या आधी व्हायला हवा, कारण ओळख त्या क्षणी ठरते. सामायिक मूळ फाईल सिस्टममधली '/ईटीसी/होस्टनेम' काढून टाकली आणि डीएचसीपी सर्व्हरवर प्रत्येक कार्डाच्या पत्त्यासमोर वेगळं नाव लिहिलं. कर्नल बूट होताना ते नाव डीएचसीपीकडून घेतो. नावं बदलणं शक्य नसेल तर एनएफएसच्या कर्नल मॉड्यूलला 'एनएफएस४_युनिक_आयडी' हा पर्याय आहे. प्रत्येक यंत्राच्या बूट ओळीत तो वेगळा दिला की ओळख वेगळी होते. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजात ज्या परिस्थितीत नावांची टक्कर होऊ शकते त्यांत नेटवर्कवरून बूट होणाऱ्या डिस्कलेस यंत्रांचा उल्लेख आहे. '/ईटीसी/मशीन-आयडी' ही फाईलसुद्धा सामायिक राहू देऊ नका. ती रिकामी ठेवली की सिस्टमडी, म्हणजे बूट होताना बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम, प्रत्येक बूटला नवी ओळख तयार करतो.

शेवटी बसलेली मांडणी

आता मी अशी लॅब उभारताना प्रत्येक फोल्डरसाठी एकच प्रश्न विचारतो: इथला लॉक दुसऱ्या यंत्राला दिसायला हवा का?

मूळ फाईल सिस्टमसाठी उत्तर 'नाही'. ती सगळ्यांना केवळ वाचायला देतो, आणि तिच्यावर ओव्हरलेएफएसने मेमरीतला एक थर पसरतो. ओव्हरलेएफएस लिनक्सच्या ३.१८ या आवृत्तीपासून मुख्य कर्नलमध्ये आहे. यंत्र जे लिहील ते त्या मेमरीच्या थरात जातं आणि बंद होताना पुसलं जातं. लिहायचा थर एनएफएसवर ठेवायचा मोह टाळा, तो त्यासाठी योग्य नाही असं कर्नलचा दस्तऐवजच सांगतो. 'लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट', म्हणजे एलटीएसपी, याच धर्तीवर चालतो: पूर्ण प्रणालीची दाबून बसवलेली एक स्क्वॉशएफएस प्रतिमा आणि वर मेमरीचा थर. शाळेसाठी सगळं हाताने उभारण्याऐवजी आधी त्याच्याकडे बघा असं मी आवर्जून सांगेन. '/रन' मेमरीत असतंच, आणि आजकाल '/व्हार/लॉक' तिकडेच वळवलेलं असतं.

'/होम' साठी उत्तर 'हो'. ते चौथ्या आवृत्तीने, नेटवर्क आणि नाव दोन्ही नीट लागल्यावर. एकच विद्यार्थी-खातं सगळ्यांनी वापरायची आमची पद्धतही मी बंद केली. फायरफॉक्सची एकच प्रोफाईल दोन यंत्रांवर एकदम उघडायची वेळच येऊ नये. आणि हजेरीचा एसक्यूलाइट सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर नेला. शिक्षक आता ब्राउझरमधल्या एका छोट्या पानावरून हजेरी घालतात आणि फाईलमध्ये फक्त सर्व्हरवरचा एकच प्रोग्राम लिहितो.

हे सगळं लावल्यावर एक चाचणी मात्र हाताने करायचीच. दोन यंत्रं शेजारी शेजारी घ्या. '/होम' खालच्या एका सामायिक फाईलवर पहिल्या यंत्रावरून 'फ्लॉक' आदेशाने पाच मिनिटांचा लॉक लावा. २.६.१२ पासून लिनक्सचा एनएफएस क्लायंट फ्लॉकलाही पूर्ण फाईलचा लॉक म्हणून सर्व्हरकडे पाठवतो, त्यामुळे ही चाचणी भरवशाची आहे. दुसऱ्या यंत्रावर त्याच फाईलवर 'फ्लॉक -एन' चालवा. त्याला लगेच नकार मिळाला पाहिजे. लॉक मिळाला, तर कुठेतरी अजून 'नोलॉक' बसलेला आहे. नकार मिळाला तर दुसऱ्या यंत्रावर 'एन' शिवाय तोच आदेश द्या, म्हणजे तो रांगेत थांबेल. मग पहिल्या यंत्राची वीज तोडा, वायर ओढून.

आमच्या लॅबमध्ये हे केलं तेव्हा दोन शिक्षक आणि ती फायरफॉक्सवाली मुलगी घड्याळ घेऊन उभे होते. ९० सेकंद उलटले, काही झालं नाही. क्लायंट मधूनमधून विचारत असतो, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होतंच. दोन मिनिटं व्हायच्या आत दुसऱ्या यंत्राच्या पडद्यावर पुढची ओळ आली. पाळी त्याला मिळाली होती.